एकच ठिकाण, पण मनसोक्त : मुलांना घेऊन मुंबईला जाताना

मागच्या भाषणानंतर बऱ्याच गटांतून एकच विचारणा आली. दिवाळीच्या सुट्टीत मुलांना मुंबई दाखवायची आहे, तर कसे जायचे, काय पाहायचे आणि खर्च कसा बसवायचा? आज त्याबद्दलच बोलू.

आमचे गाव शहापूर तालुक्यातले. मुंबई आम्हाला लांब नाही, आसनगावला लोकल मिळते. तरीही आमच्यातल्या निम्म्या बायकांनी मुंबई पाहिली ती फक्त दवाखान्याच्या निमित्ताने. मुलांनी तर टीव्हीतच पाहिली. म्हणून गटाने ठरवले की वर्षातून एक दिवस मुलांसाठी काढायचा. पण आधी आमची पहिली सहल कशी फसली ते सांगतो, कारण पुढचे सगळे आम्ही त्या फसण्यातूनच शिकलो.

त्या वेळी आम्ही एका दिवसात चार ठिकाणे ठरवली होती. समुद्र, देऊळ, बाग आणि बाजार. सत्तावीस मुले आणि आम्ही नऊ जणी. कोणती मुले कोणाकडे, हे काहीच ठरलेले नव्हते. सगळ्यांवर सगळ्यांचे लक्ष, असे आम्ही म्हणालो. सगळ्यांचे लक्ष म्हणजे कोणाचेच नाही, हे दुपारी एका मोठ्या स्टेशनवर कळले. गाडी आली, धक्काबुक्की झाली, अर्ध्या जणी आत चढल्या आणि गाडी सुटली. पुढच्या स्टेशनवर मोजले तर एक सात वर्षांची मुलगी कमी.

ती सापडली. मासळीची रिकामी पाटी घेऊन बसलेल्या एका मावशीने तिला जवळ बसवून घेतले होते आणि पोलिसांना बोलावले होते. पण मधली चाळीस मिनिटे आम्ही कशी काढली ते आम्हालाच ठाऊक. पोलिसांनी पोरीला विचारले, आईचे नाव काय? ती म्हणाली, आई. घर कुठे? मोठ्या विहिरीजवळ. फोन नंबर माहीत नाही. तिची आई परतीच्या गाडीत म्हणाली, "पोरीला मुंबई दाखवायला आणली आणि तिने पाहिली फक्त गर्दी."

पुढच्या वर्षी कोणी सहलीचे नावच काढेना. मग बैठकीत आमच्यातल्या एका आजीने विचारले, "एकदा दूध उतू गेले म्हणून चहा करायचा सोडलात का?" तिथून दुसऱ्या सहलीची तयारी सुरू झाली.

पहिली गोष्ट, ठिकाण एकच ठरवा. मुलांना ठिकाणांची यादी संपवायची नसते. त्यांना थांबायचे असते, हात लावून पाहायचे असते, तीच गोष्ट पुन्हा विचारायची असते. चार ठिकाणे धरली की दिवस रस्त्यात जातो आणि आपण दिवसभर "चला, चला" एवढेच ओरडत राहतो. ठिकाण निवडताना मुलांनाही बैठकीला बसवा. आमच्या मुलांनी दोन गोष्टी मागितल्या, आकाशातली गाडी आणि गुहा. आकाशातली गाडी म्हणजे मेट्रो. दोन्ही एकाच वाटेवर मिळाले. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्याच्या पोटातली कान्हेरीची लेणी.

दुसरी गोष्ट, दिवस आणि वेळ. उद्यान आणि लेणी सोमवारी बंद असतात. आमच्या ओळखीतला एक गट बंद दारावरून परत आला आहे, म्हणून हे पक्के लक्षात ठेवा. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक असू शकतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा उशिरा. आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय रविवारी निघू नका. आम्ही दिवाळीच्या सुट्टीतला शनिवार धरला आणि पहाटेची गाडी पकडली. ऊन कमी, गर्दी कमी. पावसाळ्यात तिथली हिरवळ फार सुंदर असते, पण लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि ओढ्याला जोर असतो. लहान मुले बरोबर असतील तर थंडीचेच दिवस बरे.

तिसरी गोष्ट, पैसे. सहलीसाठी कर्ज काढू नका आणि गटाच्या बचतीलाही हात लावू नका. आम्ही वेगळा डबा केला. दर आठवड्याला प्रत्येक घराचे वीस रुपये, जूनपासून वीस आठवडे. घरामागे चारशे रुपये जमले. त्यात लोकल, मेट्रो, प्रवेशाचे तिकीट आणि आतल्या गाडीचे भाडे बसवायचे, खाणे घरचे न्यायचे. लोकलमध्ये पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धे तिकीट लागते. लेण्यांपाशी पुरातत्त्व खात्याचे वेगळे तिकीट असते. तिथे पंधरा वर्षांखालच्या मुलांना पैसे पडत नाहीत, पण वयाचा दाखला म्हणून शाळेचे ओळखपत्र किंवा आधार कार्डाची झेरॉक्स जवळ असू द्या. लोकलचे तिकीट जातानाच येण्याजाण्याचे काढा, परतीला रांग लागते.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मुले वाटून घ्या. दुसऱ्या वेळी आम्ही चोवीस मुले आणि आठ जणी होतो, म्हणजे तीन मुलांमागे एक बाई. आपली तीन मुले कोणती, हे तिने आदल्या दिवशी तोंडपाठ करायचे. आपले स्वतःचे मूल शक्यतो दुसरीकडे द्यायचे, नाहीतर जीव तिकडेच ओढतो आणि बाकीची दोन सुटतात. प्रत्येक मुलाच्या आतल्या खिशात चिठ्ठी, तिच्यावर दोन फोन नंबर. नाव चिठ्ठीवर बाहेरून दिसेल असे लिहू नका, नाव घेऊन अनोळखी माणूस हाक मारू शकतो. आठवडाभर आम्ही मुलांकडून आईचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि एक फोन नंबर पाठ करून घेतला. पाढ्यासारखा, रोज झोपताना.

आता स्टेशनवरचा नियम. मुलांना हे नीट समजवा. गाडी सुटली आणि तू खाली राहिलास, तर जागचे हलायचे नाही. धावायचे नाही, चालत्या गाडीला हात लावायचा नाही. आम्ही पुढच्या स्टेशनला उतरून तिथेच परत येणार. आणि आत राहिलास, आम्ही खाली राहिलो, तर पुढच्या स्टेशनवर उतरून तिथेच उभे राहायचे. मदत मागायची तर वर्दीतल्या पोलिसाकडे, नाहीतर मुले बरोबर असलेल्या बाईकडे. आपणही तीन नंबर ध्यानात ठेवायचे. रेल्वेसाठी १३९, मुलांसाठी १०९८ आणि कोणत्याही संकटाला ११२.

लोकलचा आणखी एक नियम बऱ्याच जणींना माहीत नसतो. बायकांच्या डब्यात बारा वर्षांखालचाच मुलगा चालतो. सातवी-आठवीतली पोरे त्या डब्यात नेली तर वाद होतो आणि पोरांचाही अपमान होतो. म्हणून आम्ही गावातल्या दोन दादांना बरोबर घेतले. मोठी पोरे त्यांच्याबरोबर शेजारच्या डब्यात बसली. त्यांनाही मोठे झाल्यासारखे वाटले.

आता वाट सांगतो. आसनगावहून घाटकोपरला थांबणारी गाडी धरा. सगळ्याच जलद गाड्या सगळीकडे थांबत नाहीत, म्हणून चढण्याआधी विचारून घ्या. सुमारे दीड तास लागतो. ठाणे गेले की उठून हळूहळू दाराकडे सरका. घाटकोपर आल्यावर उठलात तर उतरणे होत नाही.

घाटकोपर स्टेशनातूनच पुलाने मेट्रोकडे जाता येते. ही मुंबईची पहिली मेट्रो, ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली. घाटकोपर ते वर्सोवा, बारा स्थानके, अकरा किलोमीटरपेक्षा थोडी जास्त. पूर्वी मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जायचे तर दादरला वळसा घ्यावा लागे किंवा बसमध्ये ताटकळावे लागे. आता घाटकोपरहून अंधेरी थोड्याच मिनिटांत येते. असल्फाजवळ खिडकीतून बाहेर पाहा. डोंगरउतारावरच्या वस्तीच्या भिंती रंगवलेल्या दिसतात. आमची मुले घरे मोजत बसली. एक जण म्हणाला, "इथली घरे एकमेकांच्या खांद्यावर बसलीत."

मेट्रोत शिरताना पिशव्या तपासतात. आमच्यातल्या एकीने काकडी चिरायला चाकू घेतला होता. तो काही आत जाऊ देईनात. शेवटी चाकू तिथेच सोडावा लागला. तेव्हा काकडी घरूनच चिरून न्या. मेट्रोत खाणेपिणेही चालत नाही. सरकत्या जिन्यावर लुगड्याचा काठ आणि ओढणी वर धरा, मुलाचा हात धरा, आणि भीती वाटत असेल तर लिफ्ट असते, साधा जिना असतो. लाजायचे कारण नाही. आम्हीसुद्धा पहिल्यांदा तिघींनी एकमेकींना धरूनच पाय ठेवला.

अंधेरीच्या एक स्थानक आधी, पश्चिम द्रुतगती महामार्ग या स्थानकावर उतरा. तिथून पुलाने गुंदवली स्थानकात जाता येते. आम्ही तिथे खिडकीवर दुसरे तिकीट काढले. गुंदवलीहून दहिसरकडे जाणारी मेट्रो घ्या. ती महामार्गाच्या वरून जाते, खाली मोटारी मुंग्यांसारख्या दिसतात. गोरेगाव, आरे, दिंडोशी, पोईसर, मागाठाणे, देवीपाडा आणि मग राष्ट्रीय उद्यान. मागाठाणे हे नाव लक्षात ठेवा. लेण्यांत गेल्यावर त्याची गोष्ट सांगतो.

मेट्रो स्थानकातले स्वच्छतागृह वापरून घ्या, सगळ्यांनी, लागली असो वा नसो. आम्ही एका पिशवीत पॅड, एक जोडी कपडे, टॉवेल आणि जुलाबाचे, उलटीचे औषध ठेवले होते. कोणाची पाळी आली म्हणून तिचा दिवस वाया जाऊ नये.

स्थानकातून उद्यानाचे दार चालत गाठता येते. उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या कुशीत एवढे रान, त्यात बिबटेही आहेत. म्हणून वाट सोडून झाडीत शिरायचे नाही आणि अंधारापर्यंत थांबायचे नाही. दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत. लहान मुलांना घेऊन चालत जायच्या भानगडीत पडू नका, आतल्या गाडीने जा. उतरतानाच विचारा, परतीची शेवटची गाडी किती वाजता?

लेण्यांपाशी माकडे फार. हातात खाऊ दिसला की झडप घालतात. आम्ही गाडीत बसण्याआधीच मुलांना भाकरी-चटणी, उकडलेली अंडी खाऊ घातली आणि उरलेले पिशवीत तळाला ठेवले. प्लास्टिकच्या पिशव्या नेऊ नका, कापडी न्या. पाणी मात्र भरपूर न्या.

आता कान्हेरी. एकाच डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. आपल्या घरामागे दिसतो तोच काळा खडक, बेसॉल्ट. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ती खोदायला सुरुवात झाली आणि पुढे कित्येक शतके काम चालू राहिले. सगळी पाहायचा हट्ट धरू नका. तीन-चार पुरेत.

पहिले, तिसऱ्या क्रमांकाचे लेणे. हा मोठा चैत्य, म्हणजे प्रार्थनेची जागा. आत दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आणि टोकाला स्तूप. बाहेरच्या पडवीत दोन बाजूंना बुद्धाच्या उभ्या मूर्ती, वीस फुटांहून उंच. मुलांना मूर्तीसमोर उभे करा आणि विचारा, एकावर एक किती जण उभे राहिलात तर तोंडापर्यंत पोहोचाल? हिशेब तिथेच सुरू होतो.

दुसरे, अकरावे लेणे. याला दरबार म्हणतात. मध्ये दगडाची दोन लांब, बुटकी बाके आहेत. आमची मुले पाहताच ओरडली, "शाळा!" त्यांना तिथे शांत उभे करून वाद घालू द्या. ही पंगत असेल का, सभा असेल का? जाणकारांतही या जागेच्या वापराबद्दल चर्चा आहे, तर मुलांनी का करू नये?

जमले तर एकेचाळिसावे लेणे पाहा. तिथे अवलोकितेश्वराची अकरा तोंडांची मूर्ती आहे. मुले तोंडे मोजल्याशिवाय हलत नाहीत.

आणि मैत्रिणींनो, आपण मात्र एक गोष्ट आवर्जून पाहायची. लेण्यांच्या बाजूला खडकात खोदलेली पाण्याची टाकी. जुन्या लेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस खडकातल्या बारीक पन्हळींनी वळवून या टाक्यांत उतरवला जाई आणि तो पुढे वापरायचा. आम्ही मार्च-एप्रिलमध्ये हंडे घेऊन दोन-दोन खेपा घालणाऱ्या बायका. त्या टाक्यांपाशी आम्ही मुलांपेक्षा जास्त वेळ थांबलो. पाऊस आपल्याकडेही मोप पडतो, तो अडवायचा कसा हा प्रश्न त्या लोकांनी छिन्नी-हातोड्याने सोडवला होता. याच रानाच्या परिसरात विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार १८६० मधला, तुळशी १८७९ मधला. मुंबईला अजून त्यांचे पाणी जाते. आपल्या शहापूर तालुक्यातल्या तानसा आणि भातसा धरणांचेही जाते. मुलांना हे तिथे सांगा. मुंबईच्या नळात आपल्या तालुक्याचे पाणी आहे, हे ऐकून मुले जरा ताठ उभी राहतात.

आता मागाठाण्याची गोष्ट. लेण्यांत भिंतींवर ब्राह्मी लिपीत लेख कोरलेले आहेत. कोणी काय दान दिले त्याची ती नोंद. देणारे राजेच होते असे नाही. कल्याण, सोपारा, नाशिकचे व्यापारी होते, कारागीर होते, भिक्षुणी होत्या, घरच्या बायका होत्या. सातवाहनांच्या काळातल्या एका लेखात कल्याणच्या व्यापाऱ्याने लेणे दिल्याचे आणि जोडीला मंगलठाण गावातले शेत दिल्याचे लिहिले आहे. ते मंगलठाण म्हणजे आजचे मागाठाणे, असे अभ्यासक मानतात. शेत कायम ठेवायचे आणि त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागवायचा. अशा ठेवीला अक्षयनीवी म्हणत. मुद्दल मोडायचे नाही, येणाऱ्या मिळकतीतून खर्च करायचा. आमच्या खजिनदार ताई लगेच म्हणाल्या, "हे तर आपलेच रजिस्टर!" आपण ज्या कल्याणवरून गाडीने आलो तिथला माणूस, ज्या मागाठाण्यावरून मेट्रो गेली तिथले शेत. दोन हजार वर्षांचा इतिहास मुलांना तिकिटावरच्या दोन नावांत सापडला.

परतीची वेळ मोडू नका. लेण्यांतून दोनच्या सुमारास निघा आणि पाचच्या आत घाटकोपर सोडा. त्यानंतर कसारा बाजूच्या गाड्यांना जी गर्दी होते तिच्यात मुलांना घेऊन चढणे म्हणजे जिवाशी खेळ. एक गाडी सोडावी लागली तर खुशाल सोडा. गाडी पुन्हा येते.

ज्यांना दुसरीकडून यायचे आहे त्यांच्यासाठी आणखी तीन जागा. अंधेरी पश्चिमेला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे दोनशे फूट उंच काळ्या दगडाचा सरळसोट कडा. लाव्हा थंड होऊन उभे खांब कसे झाले ते तिथे डोळ्यांनी दिसते, वर गावदेवीचे देऊळ आहे. बोरिवली पश्चिमेकडून गोराईच्या खाडीतून बोटीने विपश्यना पॅगोडाला जाता येते. आत एकही खांब नसलेला त्याचा प्रचंड घुमट २००९ पासून लोकांसाठी खुला आहे. मुलुंडच्या बाजूने यायचे तर खाडीपुलापलीकडे ऐरोलीला थंडी-उन्हाळ्यात रोहित पक्षी दिसतात. तिथली बोट भरती-ओहोटी पाहून सुटते, म्हणून आधी वेळ विचारा. यातले एकच निवडा. दुसरे पुढच्या वर्षी.

दुसऱ्या सहलीला पहिल्या वेळी हरवलेली ती मुलगीही आली होती. तिची आई तिला पाठवायला तयार नव्हती, मग मुलीनेच सगळ्यांसमोर आईचे पूर्ण नाव, गाव, तालुका आणि दोन फोन नंबर म्हणून दाखवले. दिवसभर ती आपल्या गटातल्या दोन लहानग्यांचे हात धरून होती. आसनगावला उतरल्यावर आम्ही मोजले. चोवीसच्या चोवीस. मग तिनेही मोजले आणि म्हणाली, "मावशी, आज मी आकाशातली गाडी पाहिली, अकरा तोंडांचा देव पाहिला आणि पाण्याची विहीर डोंगरावर पाहिली."

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढे तीन ठराव करा. ठिकाण एक, डबा वेगळा, आणि तीन मुलांमागे एक बाई. आणि त्या दिवशी घरच्या पुरुषांना सांगा, संध्याकाळची भाकरी तुम्ही करून ठेवा. सहल मुलांची, तशी आपलीही असते. तुमची सहल झाली की आम्हाला जरूर कळवा.